शिट्टी डाव्या खिशात: रिसॉर्टच्या गेटवर उभी राहिले त्याची गोष्ट

गार्डची नोकरी करते म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, पगार किती आणि आजवर कोणाला पकडलंस. पहिल्याचं उत्तर देण्यासारखं नाही. दुसऱ्याचं उत्तर "कोणालाच नाही", आणि ते ऐकून समोरच्याचं तोंड असं होतं की मग तू दिवसभर करतेस तरी काय. तेच लिहायचंय. मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला मी एजन्सीतर्फे गार्ड आहे, रिसॉर्टचं नाव नाही लिहीत, एजन्सीचंही नाही, नोकरी करायचीय अजून.

नवरा ट्रॉलरवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद, तेव्हा घरात पैसा येत नाही, आणि मुलगा आता क्लासच्या वयाला आलेला. बचत गटातल्या एकीने सांगितलं की रिसॉर्टवाल्यांना बायका गार्ड पाहिजेत, कारण बायका पर्यटक येतात, त्यांची बॅग पुरुषाने बघितलेली चालत नाही. वयाची अट १८ ते ६५, म्हणजे मी आरामात आत. उंची बायकांना १५० सेंमी लागते, ती मोजताना मी जरा मानच ताठ केली, पण बसले. मग चारित्र्य पडताळणी. त्यासाठी आमच्या गावच्या पोलीस पाटलांना पोलीस स्टेशनातून विचारणा झाली, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीत चर्चा की हिच्या घरी पोलीस कशाला आले. सासूबाईंनी दारात उभं राहून सगळ्यांना समजावलं, "सून पोलिसात लागता हा." मी सांगत होते पोलिसात नाही हो आई, सिक्युरिटीत, पण त्यांना ते एकच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही थोडंफार एकच वाटत होतं. युनिफॉर्म, शिट्टी, दांडा, टोपी, अजून काय लागतं.

ट्रेनिंग कुडाळला होतं. केंद्र सरकारने २००५ साली खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी कायदा केला, त्याच्या नमुना नियमांत गार्डचं ट्रेनिंग ठरवून दिलंय, १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, कमीत कमी २० दिवसांत. माजी सैनिक नाहीतर माजी पोलीस असेल तर त्याला कमी. आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर धावायचं असतं. आमच्या बॅचमधल्या एका देवगडच्या काकांनी ते चप्पल हातात घेऊन केलं आणि पोरांच्या पुढे निघाले. वर्गात आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी कशी आवरायची, ओळखपत्र कसं बघायचं, बॉम्बसारखी वस्तू दिसली तर काय करायचं (हात लावायचा नाही, झालं), पोलिसांच्या आणि मिलिटरीच्या हुद्द्याच्या खुणा, आणि थोडा कायदा. अभ्यासक्रमात "थोडा"च आहे, पण आम्हाला शिकवायला जे सर होते ते रिटायर फौजदार, त्यांनी कायद्यावरच जास्त वेळ घेतला, बाकीच्यांना कंटाळा यायचा, मला नाही यायचा.

त्यांचं पहिलं वाक्य, "तुम्हाला कायद्याने जेवढा अधिकार आहे तेवढाच मालवणच्या बाजारात पेडवे विकणाऱ्या बाईला आहे. एक कणभर जास्त नाही." पोरं हसली. सर नाही हसले. म्हणाले २००५ चा कायदा एजन्सीला लायसन देतो, लायसनशिवाय धंदा केला तर मालकाला एक वर्षापर्यंत कैद नाहीतर २५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, तुम्हाला फोटोचं ओळखपत्र देतो, ट्रेनिंग देतो, पण त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की गार्ड अटक करू शकतो, झडती घेऊ शकतो, दंड वसूल करू शकतो. मी विचारलं की माझा चुलतभाऊ ठाण्याला सुरक्षा रक्षक मंडळाचा गार्ड आहे, त्याचा कायदा वेगळा म्हणतात. तो १९८१ चा महाराष्ट्राचा कायदा, सर म्हणाले, तो पगार, फंड, रजा, कामाची हमी याच्यासाठी. अधिकार त्यानेही वाढत नाहीत.

मग आमच्यातला एक सावंतवाडीचा मुलगा खाकी पँट आणि खांद्यावर स्टार लावून आला, बाजारातून हौसेने विकत घेतलेले. सरांनी त्याला सगळ्यांसमोर ते काढायला लावले, २००५ च्या कायद्याचं कलम २१ म्हणे, पोलीस किंवा मिलिटरीसारखा दिसणारा ड्रेस गार्डने घातला तर तो स्वतः आणि एजन्सीचा मालक, दोघांना एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. गार्डचा युनिफॉर्म कसा तेही नियमात बारीकसारीक आहे. हाताच्या दंडावर एजन्सीचा बिल्ला, छातीवर नाहीतर खांद्यावर हुद्द्याचा, लेसवाले बूट, टोपी, आणि दोरीला बांधलेली शिट्टी, ती डाव्या खिशात. शिवाय वही आणि पेन. दांड्याचं नाव नाही त्या यादीत, वहीचं आहे. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट, पकडण्याची. कोणीही साधा माणूस, म्हणजे त्यात गार्ड आला, दुसऱ्याला धरू शकतो, ते पूर्वी सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम ४३ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. पण कधी? गुन्हा त्याच्या समक्ष घडला पाहिजे, आणि तो गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) पाहिजे आणि अजामीनपात्रही (जामीन हक्काने मिळत नाही असा) पाहिजे. दोन्ही. नाहीतर तो माणूस कोर्टाने फरारी जाहीर केलेला पाहिजे. सर फळ्यावर तीन रेघा ओढायचे, डोळ्यांनी बघितलं का, दखलपात्र का, अजामीनपात्र का, एक जरी नाही आलं तर हात खाली. आणि धरलं तर विनाकारण वेळ न काढता पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, जास्तीत जास्त सहा तासांत. हे सहा तास नवीन कायद्यात घातलेत, आधी नुसतंच "विनाविलंब" होतं. एकाने विचारलं मग सहा तास बसवून ठेवायला हरकत नाही ना. सर असे चिडले. सहा तास म्हणजे गाव लांब असेल, झाड पडून रस्ता बंद असेल, पोलीस पोचत नसतील म्हणून दिलेली शेवटची मर्यादा, तुम्हाला चौकशी करायला दिलेली मुदत नव्हे. चौकशी हा शब्दच आपला नाही म्हणाले. धरलेल्या माणसाकडे कोयता, सुरी असं हत्यार असेल तर ते काढून घेऊन पोलिसांना द्यायचं, एवढं मात्र करता येतं, धरणारा कोणीही असो. खिसे उलटे करायचे नाहीत.

आणि यातलं काही बसत नसताना कोणाला अडवून ठेवलं तर उलट गार्डच्याच अंगावर केस. वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, खोलीत कोंडलं तर १२७, त्यात एक वर्षापर्यंत कैद. "साहेबांनी सांगितलं म्हणून केलं" हे कोर्टात चालत नाही, साहेबही आत आणि तुम्हीही आत.

हे सगळं वहीत उतरवून घेतलं, परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळालं आणि गेटवर उभी राहिले. मग कळलं की खऱ्या नोकरीत सगळे उलटंच मागतात.

रिसॉर्टचं कंपाउंड मोठं, मागच्या बाजूला हापूसची जुनी कलमं. एप्रिलमध्ये संध्याकाळी वाडीतली तीन-चार पोरं गडग्यावरून आत आली आणि गोणपाटात आंबे भरायला लागली. मी टॉर्च मारला, शिट्टी वाजवली, ओरडले, "कोण रे तो?" पोरं गोणपाट टाकून पळाली, एक मात्र गडग्यावर पाय अडकून पडला आणि आमच्या नाईट ड्यूटीवाल्याने त्याची कॉलर धरली. मॅनेजर धावत आला, बांधा त्याला, सकाळपर्यंत ठेवा, बापाला बोलवा, पाच हजार दंड घ्या. मी गोणपाट उघडून बघितलं, चारेक डझन असतील, त्यातले अर्धे अजून कैरीच. आता मजा बघा. चोरी म्हणजे न्याय संहितेचं कलम ३०३, साधारणपणे दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण नवीन कायद्यात मालाची किंमत ५,००० पेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस स्टेशनला फक्त एनसी, अदखलपात्र म्हणून नुसती नोंद. आणि पहिल्यांदाच गुन्हा शाबीत झाला आणि माल परत केला तर शिक्षा काय, समाजसेवा. तर सरांच्या तीन रेघांपैकी डोळ्यांनी बघितलं ही एकच जागेवर, बाकी दोन गेल्या. वर पोरगा चौदा-पंधराचा. मी ड्यूटीवाल्याला म्हटलं सोड त्याला. तो सोडेना, म्हणे आंबे चोरले ते मी बघितलं ना. अरे बघितलंस, पण कायदा नुसतं बघण्यावर थांबत नाही. आंबे आपल्याकडे आले, मालाचं रक्षण करायचा हक्क आहे तो तिथे संपला, जेवढ्यास तेवढं बळ वापरायचं असतं आणि इथे बळाची गरजच उरली नव्हती. सोडला. वहीत वेळ लिहिली, गोणपाट लिहिलं, पोरगा ओळखीचा होता म्हणून नाव लिहिलं, सकाळी मॅनेजरला म्हटलं तक्रार द्यायची तर तुम्ही द्या, मी साक्ष देते. नाही दिली त्याने. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं, त्यांनी पोराच्या आजोबांना सांगितलं, आजोबांनी त्याचं काय केलं ते वाडीने ऐकलं.

मॅनेजरची तेव्हापासून माझ्यावर नजर. वाईट माणूस नाही तो, पण पुण्याहून आलाय आणि त्याला वाटतं गार्ड म्हणजे मालकाचा पोलीस.

फोनचंही असंच. रूम सर्व्हिसवरून भांडण झालेलं एक पर्यटक जोडपं गेटवर व्हिडिओ काढत उभं होतं, तर याचा मला इंटरकॉम, फोन घ्या त्यांच्याकडून, डिलीट करायला लावा. मी तोंडाने विनंती केली, दादा, आत काढू नका, इथे मनाई आहे. ते मालकाच्या जागेत मालक सांगू शकतो, ऐकलं नाही तर बाहेर जायलाही सांगू शकतो. पण हात घालून फोन ओढला तर? हिसकावून चोरी हा आता कलम ३०४ मध्ये वेगळाच गुन्हा आहे, माझी नियत चोरीची नव्हती हे मग कोर्टात सांगत बसा. बॅगेचंही तेच, आत यायचं तर बॅग दाखवा ही अट घालता येते, माणूस नाही म्हणाला तर आत सोडायचं नाही, संपलं. जबरदस्तीने चेन उघडायची नाही. हे एकदा डोक्यात बसलं ना की काम सोपं होतं, कारण समोरचा तावातावाने विचारतो "तुम्हाला काय अधिकार?" तर मी शांतपणे सांगते की बॅग उघडायचा काहीच नाही, गेट उघडायचा आहे. बहुतेक जण हसून बॅग पुढे करतात.

सगळ्यात वाईट दिवस चेनचा. एका गेस्टबाईची सोन्याची चेन खोलीतून गेली. गेली म्हणजे तिला सापडत नव्हती. खोली साफ करायला आमच्याच बाजूच्या गावची एक मुलगी, वीस-एकवीसची, लग्न ठरलेलं. बाई ओरडायला लागली, तिनेच घेतली, मॅनेजरने मुलीला स्टोअररूममध्ये नेऊन बसवलं आणि मला बोलावलं. "तुम्ही लेडीज आहात, तिचे कपडे काढून तपासा आणि कबूल होईपर्यंत दाराशी उभ्या रहा." असंच म्हणाला, जसं लिहिलंय तसं. मुलगी रडत होती, मला म्हणाली, "मावशी, माका घराक जावक दे गो."

माझे हातपाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू. कारण इथे आंब्यासारखं नव्हतं, चेन तोळ्याच्या वरची, गुन्हा झाला असेल तर चांगलाच मोठा. पण बघितलं कोणी? मी नाही, मॅनेजरने नाही, गेस्टबाईनेही नाही. समक्ष नाही म्हणजे कलम ४० चा दरवाजाच बंद, चेन लाखाची असली तरी. आणि झडती तर पोलीससुद्धा अशी वाटेल तशी घेत नाहीत, बाईची झडती बाईनेच आणि तिची अब्रू सांभाळून घ्यायची असं पोलिसांनाच कायद्याने बांधलंय, तर मी कोण. मी लेडीज आहे एवढ्याने मला तो अधिकार कुठून येणार. मी दार सताड उघडलं आणि मुलीला बाहेर रिसेप्शनच्या बाकावर आणून बसवलं, पाणी दिलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुला जायचं असेल तर तू जाऊ शकतेस, पण पोलीस येतायत, थांबलीस तर तुझ्याच बाजूने बरं. ती थांबली. ११२ ला फोन मी लावला. मॅनेजर म्हणाला रिसॉर्टचं नाव खराब होईल, मी म्हटलं सर, मुलगी आत कोंडलेली असताना तिच्या भावाने ११२ लावला असता तर जास्त खराब झालं असतं. वहीत लिहिलं, कोणी कधी सांगितलं, मी काय उत्तर दिलं, दार किती वाजता उघडलं. अक्षर वाकडंतिकडं आलंय त्या पानावर.

पोलीस आले, महिला कॉन्स्टेबल होती बरोबर, खोली बघितली, जबाब घेतले, माझी वही मागून वाचली आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. मुलीला त्याच दिवशी घरी पाठवलं. चेनचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, गेस्ट मुंबईला गेले. मुलगी परत कामाला आली नाही, आता तारकर्लीला एका होमस्टेत आहे आणि दिसली की हात करते. एजन्सीच्या सुपरवायझरने मला फोनवर झापलं की क्लायंटचं ऐकायचं असतं, मग दोन दिवसांनी त्याच सुपरवायझरने दुसऱ्या साईटच्या पोरांना माझ्या वहीचं पान दाखवलं म्हणे, असं लिहीत जा म्हणून. काय बोलणार.

आता सध्या चाललंय ते रापणवाल्यांचं, म्हणजे मोठं जाळं किनाऱ्यावर ओढून मासे धरणाऱ्यांचं. रिसॉर्टच्या समोर वाळूवर रापणकरांच्या होड्या आणि जाळी असतात, वर्षानुवर्षं, रिसॉर्टचा पायाही नव्हता तेव्हापासून. रिसॉर्टच्या कडेने एक वाट किनाऱ्यावर उतरते, तिथून ते जा-ये करतात. मालकांना समोर नुसता समुद्र पाहिजे, सुक्या मासळीचा वास नको, म्हणून मला सांगितलं वाटेवर बांबू लाव आणि जाळी हलवायला सांग. मी गेले, सांगायला म्हणून नाही, बोलायला म्हणून. सगळ्यात म्हातारे होते ते माझ्या सासऱ्यांना ओळखणारे. म्हणाले, "गो बाय, तू खयची ता माका म्हायत आसा. ही वाळू सरकारची, ता तुझ्या शेठाक सांग. तू कित्याक उन्हात उभी रवतंस?"

चुकीचं काहीच बोलले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०, सार्वजनिक वाटा, समुद्राचा आणि खाडीचा तळ, भरतीच्या रेषेखालचं सगळं सरकारचं. आमच्या शेठची हद्द सातबाऱ्यावर जिथे संपते तिथेच माझं गेट संपतं, त्याच्या पुढे मी युनिफॉर्म घातलेली एक पर्यटक. बांबू लावला तर रस्ता अडवल्याचं कलम १२६ माझ्यावर, जाळ्याला हात लावून काही फाटलं तर नुकसानीचं वेगळं. ती वाट सार्वजनिक की शेठच्या जागेतली याचं भांडण असेलच तर ते तहसीलदारांकडे, कागद घेऊन. गार्डकडे शिट्टी घेऊन नव्हे.

मॅनेजरला हे सगळं सांगितलं तर म्हणाला तुम्ही वकील आहात का. मी म्हटलं नाही सर, गार्ड आहे, मला फक्त लेखी द्या की अमुक वाट बंद करायची, तारीख, सही, शिक्का, मी ते वहीत चिकटवते आणि एक झेरॉक्स पोलीस स्टेशनला देऊन येते, कारण वाद झाला तर सगळ्यात आधी मीच उभी असणार. देतो म्हणाला. बांबू अजून गेटच्या मागे तसाच पडलाय, आणि परवा रापणकरांनी मॅनेजरला टोपलीभर बांगडे दिले, ते त्याने घेतले.